पंपावर आळ घेण्याआधी

पाऊस उघडला की आपल्या भागात उसाबरोबर लाकडाचीही कामं निघतात. बांधावरची बाभूळ, वळवात आडवा झालेला आंबा, मोडायला काढलेली जुनी द्राक्षबाग, हळद शिजवायला लागणारं सरपण. वर्षभर कोपऱ्यात पडलेला चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची साखळीची मशीन, बाहेर येतो आणि पाठोपाठ पत्रंही येऊ लागतात. या वेळची बहुतेक पत्रं जुन्या मशीनींची आहेत आणि तक्रारही एकच: बारला, म्हणजे चेन ज्या लांब पट्टीवरून फिरते तिला, ऑइल पोचत नाही. त्यातली निवडक इथे घेतली आहेत.

सेकंडहँड चेनसॉ घेतलाय, सात-आठ वर्षं जुना असेल. चेन कोरडी राहते, बारमधून धूर निघतो. दुकानदार म्हणतो पंप गेला, बदलावा लागेल. त्याने सांगितलेल्या खर्चात थोडी भर घातली तर नवी चायना मशीन येईल. काय करावं?
(शेतकरी, शिराळा)

दुकानदाराने पंप खोलून पाहिला का, हे आधी विचारा. नुसतं चेनकडे बघून ‘पंप गेला’ म्हणाला असेल तर पैसे खिशातच राहू द्या.

ऑइल टाकीतून निघतं, जाळीतून गाळून रबरी नळीत येतं, तिथून पंपात आणि पंपातून बॉडीवरच्या एका बारीक छिद्रातून बाहेर पडतं. त्या छिद्राला बारचं छिद्र चिकटून बसलेलं असतं. तिथून ते बारच्या खाचेत उतरतं आणि चेनचे आतले दात ते नाकापर्यंत, म्हणजे बारच्या टोकापर्यंत, ओढून नेतात. या सगळ्या वाटेत पंप सर्वांत कमी बिघडतो. तो आत बंदिस्त असतो आणि कायम तेलात असतो. भुसा, माती, झाडाचा चीक हे सगळं सोसतो तो बार. म्हणून तपास बारच्या टोकाकडून सुरू करायचा आणि पंपाशी संपवायचा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, कारण बार साफ करून दिल्याचे पैसे कोणी देत नाही.

पहिली चाचणी कागदाची. ऑइलची टाकी भरा, मशीन सुरू करून गरम होऊ द्या. जमिनीवर दगडाने दाबून ठेवलेल्या वर्तमानपत्रावर किंवा ताज्या कापलेल्या पांढऱ्या बुंध्यावर बारचं टोक वीतभर अंतरावर धरा आणि पाऊण थ्रॉटल द्या. टोक कुठेही टेकू देऊ नका. मिनिटभरात कागदावर ऑइलच्या बारीक थेंबांची रेघ उमटली पाहिजे. उमटली तर ऑइल येतंय आणि धुराचं कारण दुसरं आहे. ते दहिवडीच्या वाचकांच्या उत्तरात सांगितलंय.

दुसऱ्या चाचणीत काहीच करावं लागत नाही, फक्त लक्ष ठेवायचं. पेट्रोल आणि ऑइल, दोन्ही टाक्या एकाच वेळी काठोकाठ भरा आणि नेहमीसारखं काम करा. पेट्रोल आधी संपावं आणि ऑइल थोडं शिल्लक राहावं, असंच या टाक्यांचं माप ठेवलेलं असतं. पेट्रोल संपलं तेव्हा ऑइल अर्ध्याच्या बरंच खाली गेलं असेल तर ठीक. टाकी जवळजवळ भरलेलीच दिसली तर ऑइल बाहेर पडतच नाही. (पेट्रोल भरलं की ऑइल भरायचंच, हा नियम यावरूनच आला.)

आता इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढून ठेवा, हातमोजे घाला आणि बार-चेन उतरवा. बार जिथे बॉडीला टेकतो तिथे भुसा आणि ऑइल मिळून काळी ढेप झालेली दिसेल. ती लाकडी काडीने खरवडा आणि बॉडीवरचं छिद्र मोकळं करा. आता बार बघा. त्याच्या शेपटीकडे वर एक आणि खाली एक अशी दोन लहान छिद्रं असतात, ती ऑइलची. मोठी छिद्रं चेन ताणायच्या पिनेची. लहान छिद्रातून बारीक तार घाला, ती आतल्या खाचेत निघाली पाहिजे. दोन्ही छिद्रं साफ करा. बार उलटवून लावला की आज रिकामं असलेलं छिद्र उद्या कामाला येतं, आणि नेमकं तेच भुशाने बुजलेलं असतं.

खाच साफ करायला मोडक्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा उत्तम. बारची खाच बहुधा १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर रुंद असते, ब्लेड त्यात आरामात फिरतं. नाकाकडून शेपटीकडे ओढत या. नाकाकडे ढकललंत तर सगळा मळ नाकाच्या स्प्रॉकेटमध्ये (दातेरी चाकात) जाऊन बसेल आणि नवं दुखणं सुरू होईल. जुन्या बारमधून निघणारा मळ बघून अनेकांना आश्चर्य वाटतं. कधी कधी खाच तळापासून वरपर्यंत डांबरासारखी भरलेली असते. एवढं केल्यावर बऱ्याच मशीनी सुरळीत होतात आणि पंपाचा विषयच निघत नाही.

तरीही शंका उरली तर बार-चेन न लावता टोपी परत बसवून मशीन सुरू करा आणि काही सेकंद रेस द्या. चेन फिरवणारा क्लचचा ड्रम उघडा फिरत असतो, तेव्हा बाही, उपरणं, बोटं लांब. पुष्कळ मशीनींत ड्रम फिरला तरच पंप चालतो, म्हणून नुसत्या आयडलवर काही दिसलं नाही तर घाबरू नका. रेस दिल्यावर बॉडीच्या छिद्रातून ऑइल ओघळलं तर पंप निर्दोष आहे.

नाही ओघळलं, तरी अजून पंप नाही. टाकीत वाकवलेली तार घालून नळीच्या टोकाची जाळी वर ओढा, पेट्रोलमध्ये धुवा. नळी बोटांत वाकवून बघा. जुनं रबर कडक होतं, पंपाला जोडलेल्या टोकाशी तडकतं, आणि मग पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. नळी आणि जाळी मिळून जो खर्च येईल तो पंपाच्या आसपासही नसेल.

नवी मशीन घ्यायचा विचार यानंतर करा.

आमची मशीन पहिली दहा मिनिटं झकास चालते, ऑइल दिसतं. मग चेन कोरडी पडते. थोडा वेळ ठेवली की पुन्हा येतं. ऑइलचं बूच उघडताना फुस्स असा आवाज होतो.
(पाटण)

बुचाचा आवाज तुम्ही लिहिलात म्हणून बरं झालं, निम्मं उत्तर त्यातच आहे. टाकीतून ऑइल बाहेर पडलं की त्या जागी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर आत पोकळी तयार होते आणि पंप कितीही ओढत बसला तरी ऑइल हलत नाही. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं, दुसरं पाडलं की धार लागते, तसंच हे. तुमच्या मशीनचं दुसरं भोक बुजलंय.

ही हवेची वाट प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळ्या जागी असते. कुठे टाकीच्या भिंतीत रबराचा छोटा झडपेचा तुकडा असतो, कुठे सच्छिद्र धातूची लहान गुंडी, कुठे ती बुचातच असते. बारच्या मागे असेल तर भुशाखाली दडलेली असते. खात्री करायला बूच जरा सैल ठेवून, मशीन सरळ धरून कागदाची चाचणी घ्या. दहा मिनिटांनंतरही रेघ उमटत राहिली तर निदान पक्कं. झडप काढून पेट्रोल आणि जुन्या टूथब्रशने धुवा, तोंडाने फुंकून हवा आत जाते का बघा. रबराच्या झडपेत सुई खुपसू नका. एकदा फाटली की हवा आत येईलच, पण मशीन आडवी केली की ऑइल बाहेर येईल.

बुचाला ड्रिलने भोक पाडायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. झाड आडवं कापताना मशीनही आडवी होते, आणि त्या भोकातून ऑइल तुमच्या पँटीवर येतं. भुसा आत जातो तो वेगळाच.

फुस्स आवाज नसता तर मी जाळीकडे बोट दाखवलं असतं. टाकीत खाली बसलेला गाळ काम चालू असताना जाळीला चिकटतो आणि मशीन ठेवली की सुटून खाली पडतो. लक्षण हुबेहूब हेच. तेव्हा झडप साफ करायला बसलाच आहात तर टाकीत थोडं पेट्रोल घालून खळखळून घ्या आणि कापडातून गाळत ओता. कापडावर काय उरतं ते बघण्यासारखं असतं.

द्राक्षबागा आणि बाभळी तोडायचं काम करतो. दोन-तीन मशीनी आहेत, सगळ्या जुन्या. गॅरेजमधून काळं ऑइल फुकट मिळतं, तेच टाकतो. आता एका मशीनचं ऑइल कमी येतंय. काळ्या ऑइलमुळेच का? विकत घ्यायचं तर कोणतं घ्यावं?
(तासगाव)

हो, बरंचसं त्यामुळेच. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातून आलेली धातूची बारीक पूड, काजळी आणि कधी कधी पाणीही असतं. पंपाचा पिस्टन आणि त्याचं घर यांच्यात केसाएवढीही फट नसते. तिथे ही पूड घुसली की दोन्ही घासतात, मग दाब धरत नाहीत. आधी जाळी तुंबते, नंतर पंप झिजतो. शिराळ्याच्या वाचकांना मी पंप क्वचित बिघडतो म्हटलं. तुमच्या बाबतीत तेवढ्या खात्रीने नाही म्हणणार.

चेनसॉचं ऑइल मोटारसायकलसारखं आत फिरत राहत नाही. टाकीत भरलेला प्रत्येक थेंब शेवटी भुशात आणि मातीत जातो. पंप मॉडेलप्रमाणे मिनिटाला साधारण ५ ते २० मिलिलिटर ऑइल फेकतो, दिवसभर काम केलं तर लिटरभर सहज. तुम्ही ते बागेत टाकताय, जिथे पुढच्या हंगामात पुन्हा वेल लावायची आहे. तो भुसा लोक गोठ्यात अंथरायला नेतात, रोपवाटिकेत नेतात. आणि चेनवरून उडणारा फवारा तुमच्या हातावर, तोंडावर बसतोच. वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला वारंवार लागणं हे कर्करोगाला निमंत्रण आहे. सरकारच्या २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांतही वापरलेलं ऑइल मोडतं. ते गॅरेजवाल्याने नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्याकडे द्यायचं असतं, तुमच्या कॅनमध्ये नाही.

काय घ्यावं? बार ऑइल म्हणून जे मिळतं त्यात चिकटपणा आणणारं रसायन असतं. दोन बोटांत घेऊन बोटं लांब केली की तार सुटते. चेन सेकंदाला वीसेक मीटर वेगाने नाकावरून वळते, तिथे साधं ऑइल उडून जातं, हे धरून राहतं. रोजचं काम असेल तर मी तेच घ्या म्हणेन. लवकर संपत नाही, त्यामुळे वाटतं तेवढं महागही पडत नाही. नाहीच मिळालं तर नवं इंजिन ऑइल चालेल. तासगावच्या उन्हाळ्यात ४० ग्रेड, थंडीत ३०. ट्रॅक्टरसाठी घरात २०डब्ल्यू-४० असेल तर तेही चालतं. हायड्रॉलिक ऑइल फार पातळ, गिअर ऑइल फार घट्ट. जुन्या पंपाला दोन्ही नकोत.

गोडेतेलाचंही बरेच जण विचारतात. परदेशात जंगलात काम करणारे वनस्पती तेलापासून केलेलं बार ऑइल वापरतात, मातीच्या दृष्टीने ते चांगलंच. पण आपलं घाण्यावरचं किंवा पिशवीतलं तेल टाकून मशीन दोन महिने ठेवली तर ते आत डिंकासारखं आळतं. पंप, नळी, चेनच्या कड्या सगळं जाम. रोज वापर असेल आणि हंगाम संपताना टाकी धुऊन साधं ऑइल फिरवून ठेवणार असाल, तरच.

तुमच्या त्या मशीनसाठी: टाकी पेट्रोलने दोन-तीनदा धुवा, जाळी नवी घाला, नवं ऑइल भरा आणि कागदाची चाचणी घ्या. रेघ गडद आली तर पंप वाचला.

काका, मी मशीन वापरत नाही, भाऊ वापरतो. पण शेडमधली फरशी मलाच पुसावी लागते. रात्री ठेवलेली मशीन सकाळी ऑइलच्या डबक्यात असते. हे असंच असतं का?
(एक वाचक भगिनी, जावळी)

ताई, चार-सहा थेंब असतात. डबकं नसतं.

थेंब पडतात ते बारच्या खाचेत आणि चेनमध्ये उरलेलं ऑइल निथळतं म्हणून. त्याला इलाज म्हणजे खाली पुठ्ठा. डबकं पडत असेल तर भावाला आधी एवढंच करायला सांगा: काम संपल्यावर मशीन उन्हात ठेवू नये आणि शेडमध्ये आणल्यावर बूच एकदा उघडून लावावं. पत्र्याच्या शेडमध्ये टाकी तापली की आतली हवा फुगते आणि ऑइलला पंपातून बाहेर ढकलते. बूच उघडलं की दाब निघून जातो.

त्याने थांबलं नाही तर पुठ्ठ्यावर डाग कुठे पडतो ते बघा. हे काम तुम्हीच जास्त चांगलं कराल. बुचाखाली पडला तर बुचाची रबरी रिंग. बारच्या मुळाशी पडला तर नळी तडकली आहे किंवा पंपाची ओ-रिंग (रबरी कडं) गेली आहे. मशीनच्या पोटाखाली, मधोमध पडला तर हवेची झडप किंवा टाकीलाच चीर. तोपर्यंत फरशी पुसायचं काम भावाकडे द्या.

माण तालुक्यात वाळलेल्या बाभळीचं काम करतो. ऑइल व्यवस्थित येतं, कागदावर दिसतं. तरी बारच्या टोकाला धूर येतो आणि बार निळा पडलाय. ऑइल कमी-जास्त करायचा पंपाचा स्क्रू पूर्ण उघडून झाला.
(दहिवडी)

मग स्क्रू परत मधोमध आणा. ऑइल येतंय हे तुम्हीच सिद्ध केलंय, आणखी ऑइलने हे बरं होणार नाही.

खाली पडलेला भुसा हातात घ्या. धारदार चेन लाकडाचे तुकडे काढते, नखाएवढ्या चपट्या कपच्या. बोथट चेन पीठ काढते. वाळलेली बाभूळ तर दगडासारखी, एखादं खोड कापून होईतो चेनची धार जाते. त्यात बांधावरच्या बाभळीच्या सालीत वाऱ्याने आलेली माती भरलेली असते. बोथट चेन लाकडात शिरत नाही, म्हणून माणूस वरून दाबतो. दाबलं की चेन बारच्या कडांवर घासते आणि बार तापून निळा पडतो. आणि ते पीठ खाचेत जाऊन ऑइल शोषून घेतं. म्हणजे ऑइल येऊनही चेनला मिळत नाही. धूर ऑइलच्या अभावाचा दिसतो, पण मूळ कानशीत आहे.

प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना दोन-तीन हात कानस मारा. चेनच्या मापाचीच गोल कानस, प्रत्येक दाताला सारखेच हात. खोडाला माती असेल तर कापायच्या जागी कुऱ्हाडीने साल काढून टाका.

चेन किती ताणली आहे तेही बघा. इंजिन बंद करून, हातमोजा घालून चेन हाताने ओढली तर बारवरून सरकली पाहिजे, आणि खालच्या बाजूला लोंबता कामा नये. गरम असताना ताणलेली चेन थंड झाल्यावर आखडते, म्हणून काम संपल्यावर सैल करून ठेवा. चेन ब्रेक (मशीन उसळली की चेन थांबवणारा) अर्धवट लागलेला राहतो का, हेही तपासा. ब्रेकची पट्टी ड्रमवर घासत असेल तर धूर येतो आणि लोक ऑइलला शिव्या देतात.

बार निळा पडलाय तिथे कडांवर बोट फिरवा, जपून. कडा बाहेर वळून पात्यासारख्या झाल्या असतील तर चपट्या कानशीने सपाट करा. दोन्ही कडा सारख्या उंचीच्या हव्यात. चेन खाचेत डावी-उजवी डुलत असेल तर खाच रुंद झाली आहे, तो बार गेला. नाकाचं चाक हाताने फिरवून बघा. अडखळत असेल आणि शेजारी बारीक छिद्र असेल तर ग्रीस भरा. छिद्र नसेल तर ते चेनच्या ऑइलवरच चालतं, उगाच ड्रिल मारू नका.

जुन्या मशीनला आधी १८ इंची बार होता, आता २२ इंची टाकला. टोक कोरडं राहतं.
(वाळवा)

ऑइल तेवढंच, वाट लांब. पंपाला स्क्रू असेल तर वाढवा. बहुतेक मशीनींत तो खालच्या बाजूला, अधिक-उण्याच्या खुणेसह असतो. स्क्रू नसेल तर पंप एकाच मापाचा आहे आणि १८ इंची बारच त्याला बरा. त्याआधी दोन गोष्टी बघा. नव्या बारचं ऑइलचं छिद्र बॉडीच्या छिद्रासमोर येतं का? बार बसला म्हणजे तो त्याच मशीनचा झाला असं नाही. बॉडीच्या छिद्राला काजळी लावून बार दाबून बसवा आणि काढा, ठसा कुठे उमटला ते कळेल. दुसरं, चेन आणि खाच एकाच मापाची हवी. १.३ ची चेन १.५ च्या खाचेत घातली तर ऑइल बाजूने गळून जातं.

काका, मी मशीन रिपेअरिंगचं दुकान नवीन टाकलंय. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या मशीनचा ऑइल पंप बघायचाय, पण क्लच निघत नाही. जोर लावला तर आणखी आवळतोय असं वाटतं. पंप मिळाला नाही तर काय?
(विटा)

तुला वाटतंय ते खरं आहे, तू तो आवळतच आहेस. बहुतेक चेनसॉंचे क्लच उलट्या आट्यांचे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. पुष्कळ मशीनींच्या क्लचवर बाणही कोरलेला असतो, मळ काढला की दिसतो.

आधी पिस्टन अडवायला हवा. प्लग काढ, स्टार्टरची जुनी दोरी घे, तिचा तीन-चार पदरी पुंजका प्लगच्या भोकातून आत सोड आणि टोक बाहेर ठेव. पिस्टन वर येऊन दोरीवर टेकतो. स्क्रू ड्रायव्हर घालून अडवू नकोस, पिस्टनला भोक पडेल. दोरी घालताना पिस्टन पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकाच्या) वर असू दे, नाहीतर ती एक्झॉस्टच्या पोर्टमध्ये जाऊन कापली जाते. मग बरोबर बसणारा सॉकेट लावून झटका दे. छिन्नी-हातोड्याने क्लचचे पंख ठोकणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या ओळीत बसू नकोस.

ड्रम निघाला की आधी पंप फिरवणारा वर्म गिअर बघ. जुन्या मशीनींत तो बऱ्याचदा प्लॅस्टिकचा असतो आणि पंपाचे दात त्यात अडकलेले असतात. पंप जाम झाला की प्लॅस्टिकचे दात तासले जातात. म्हणून नुसता वर्म बदलून मशीन देऊ नकोस. पंपाची दांडी बोटाने फिरते का बघ. ती जाम असेल तर नवा वर्मही आठवडाभरात जाईल आणि गिऱ्हाईक तुझ्या दारात येईल.

वर्मला एक तारेची शेपटी असते, ती ड्रमच्या खाचेत बसवावी लागते. ती नीट बसली नाही तर सगळं ठीक असूनही पंप फिरत नाही. ‘क्लचचं काम करून आणलं आणि तेव्हापासून ऑइल बंद’ अशी तक्रार घेऊन कोणी आलं तर डोळे झाकून ही तार तपास. काही मशीनींत वर्म थेट क्रँकवर असतो, तिथे ही भानगड नाही, पण त्या आयडललाही थोडं ऑइल टाकतात.

पंप खोलताना त्याचा स्क्रू किती आटे फिरवलास ते लिहून ठेव, रॉकेलमध्ये धू, पिस्टनवर उभ्या चरा आहेत का बघ. गुळगुळीत असेल तर नवी ओ-रिंग घालून परत बसव. ओ-रिंग हायड्रॉलिकच्या दुकानात मापाने मिळते, ऑइलला टिकणारीच माग. नळी साच्याची नसेल तर मोटारसायकलच्या पेट्रोल नळीतून जमवता येते. वर्म मात्र त्याच मॉडेलचा हवा. कुपवाडच्या एमआयडीसीत पितळेचा करून देणारे टर्नर भेटतील, पण पितळेचा वर्म तुटला नाही तर पंपाचे दात खातो. भंगारातली त्याच मॉडेलची मशीन शोध, ते स्वस्त पडेल. आणि ड्रम लावण्याआधी आतल्या नीडल बेअरिंगला ग्रीस. एवढ्या वर्षांत ते कोणी लावलेलं नसणार.

डिसेंबरात सकाळी पहिली पाच मिनिटं ऑइल येत नाही, मग येतं. डिझेल मिसळू का?
(महाबळेश्वर)

नको. थंडीत ऑइल घट्ट होतं, एवढंच. तीन महिने ३० ग्रेडचं ऑइल घाला आणि मशीन रात्री घरात ठेवा. सुरू केल्यावर लगेच खोडाला भिडू नका, रेस देऊन कागदावर रेघ उमटेपर्यंत थांबा. डिझेलने ऑइल पातळ होईल, पण चेनवर टिकणार नाही.

वडिलांच्या लाकडाच्या वखारीतली फार जुनी मशीन सापडली. हँडलजवळ अंगठ्याने दाबायचं एक बटण आहे. ऑइल आपोआप येत नाही. बटणही अर्धंच दाबलं जातं. पंप बिघडलाय का, की तो नाहीच?
(सांगली)

ते बटण हाच पंप. साठ-सत्तर सालच्या बऱ्याच मशीनींत ऑइल हातानेच द्यावं लागायचं. काहींत आपोआप चालणारा पंप असायचाच, वर लांब बारसाठी हे बटण जादा. तुमची कोणत्या जातीची हे बार उतरवून, रेस देऊन कळेल. काही जुन्या मशीनींत वेगळा पंप नसतो, क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या बंद भागातला) दाबच टाकीत सोडून ऑइल ढकललं जातं. अशा मशीनला बूच घट्ट लागत नसेल तर ऑइल येत नाही. म्हणून पाटणच्या वाचकांना सांगितलेली बूच सैल करायची चाचणी तुमच्यासाठी नाही.

बटण अर्धंच जातं म्हणजे आत जुनं ऑइल आळलंय. टाकी रॉकेलने भरून रात्रभर ठेवा, सकाळी हळूहळू दाबत राहा, जोर नको. मोकळं झालं की रॉकेल ओतून टाका, नवं ऑइल भरा. दाबल्यावर बटण आपोआप वर आलं आणि बारच्या मुळाशी थेंब दिसला तर पंप चालू आहे. वर आलं नाही तर आतली स्प्रिंग, आणि वर येऊनही थेंब नसेल तर ओ-रिंग किंवा खालची एकदिशा झडप, जिच्यात छोटी गोळी असते. उघडताना खाली पांढरं कापड अंथरा, गोळी उडाली तर वखारीच्या भुशात सापडायची नाही.

कापताना दर चार-पाच सेकंदांनी एकदा दाबायचं, लाकूड वाळलेलं असेल तर त्याहून लवकर. एवढ्या जुन्या मशीनला चेन ब्रेक बहुधा नसेल, तेव्हा बारचं टोक लाकडात घुसवून कापायचं काम तिच्याकडून करून घेऊ नका.